उन्हाळ्यात धक्क्याला बांधलेल्या बोटीवर राहायचं असेल तर

कोकणात बोटीवर झोपणारी माणसं पूर्वीपासून आहेत. राखणीला ठेवलेला खलाशी असतो, किंवा हंगामात किनाऱ्यावरची खोली परवडत नाही म्हणून केबिनमध्येच पथारी टाकणारी पर्यटन बोटीवरची पोरं असतात. अलीकडे त्यात भर पडली आहे ती जुनी मासेमारीची बोट विकत घेऊन मार्च ते मे तिच्यावर राहायला येणाऱ्या हौशी मंडळींची. हा लेख त्यांच्यासाठी. आठ-दहा मीटरची लाकडी किंवा फायबरची बोट, छोटी केबिन, डिझेल इंजिन, आणि समुद्रात फारसं न जाता खाडीत बांधून राहायचा बेत, एवढं मी गृहीत धरतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. उन्हाळ्यात बोट वरून वाळत असते आणि खालून भिजत असते. खालची बहुतेक कामं या दोन गोष्टी सांभाळण्याचीच आहेत. एकही अवघड नाही, पण ती रोज करावी लागतात.

जागा ओहोटीला बघा

भरतीला प्रत्येक धक्का छानच दिसतो. पाणी उतरल्यावर त्याच जागी काय उरतं ते बघितल्याशिवाय दोर टाकू नका. मऊ चिखल असेल तर बोट अलगद बसते. खडक, जुन्या खांबांचे बुंधे किंवा बुडालेलं लोखंड असेल तर तळाला भोक पडायला एक ओहोटी पुरते. बांबू घेऊन आख्ख्या लांबीभर टोचून बघा.

हर्णै किंवा मिरकरवाड्यासारखी गजबजलेली बंदरं राहण्यासाठी नकोत. पहाटेपासून मासळी उतरते, बोटीला बोट घासते, डिझेलचा धूर, आरडाओरडा. त्यात तुमची बोट कुणाच्या तरी नेहमीच्या जागेवर उभी राहते आणि भांडण ओढवतं. त्यापेक्षा खाडीच्या आत शिरा. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली, कुठलीही खाडी घ्या, आत वळल्यावर लाटांचा मार कमी होतो. जागेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन रीतसर परवानगी घ्या आणि बोटीची नोंदणीची कागदं बरोबर ठेवा. तेवढ्यावर थांबू नका. त्या धक्क्यावरचा जो जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, असेल त्याला जाऊन भेटा. "मामा, इथे महिनाभर बोट लावली तर कुणाची अडचण होईल का?" एवढं विचारलंत तर पुढे रात्री-अपरात्री तुमचा दोर सुटल्यावर धावून येणारा तोच असतो.

भरती-ओहोटीचं गणित

छापील तक्ता किंवा मोबाइलवरचा तक्ता वापराच, पण तिथीवरून अंदाज बांधायची इथली जुनी रीत शिकून घ्या, रेंज नसताना ती कामाला येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. तिथून सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. जसजसं दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी आधी येते, आणि खाडीत खूप आत असाल तर थोडी उशिरा.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण मोठं असतं, अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे पाणी सर्वांत कमी वरखाली होतं. रेवस-मांडव्याच्या बाजूला उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटरनं वरखाली होतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे तेच दोन मीटरच्या आसपास. हा फरक नुसता माहितीसाठी नाही, तुमच्या दोरांची लांबी त्याच्यावर ठरते.

दोर

तरंगती जेटी असेल तर काम सोपं, कारण ती बोटीबरोबरच वरखाली होते. कोकणात तुमच्या वाट्याला बहुधा दगडी किंवा काँक्रीटचा पक्का धक्का येणार. तिथे आखूड दोर बांधून झोपलात तर ओहोटीला बोट दोरांना लटकते, आणि मग एक तर खुंट उपटतो नाही तर दोर तुटतो.

पाणी जितकं वरखाली होतं त्याच्या निदान तिप्पट लांबीचे दोर घ्या. नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकाचा दोर बराच पुढच्या खुंटाला बांधा, मागचा बराच मागच्या. आणखी दोन दोर उलट दिशेनं, म्हणजे पुढून मागे आणि मागून पुढे. या चौघांमुळे बोट वरखाली होते, पण पुढे-मागे सरकत नाही. पहिल्या उधाणाची एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी जागून बघा आणि त्याप्रमाणे लांबी कमी-जास्त करा. रात्र जाते, पण पुढचे कित्येक दिवस निवांत झोपता येतं.

दोर नायलॉनचा घ्या. तो ताणला जातो, त्यामुळे झटके खातो. बाजारात स्वस्तात मिळणारा निळा-हिरवा तरंगणारा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हात तो कुरकुरीत होतो आणि एके दिवशी हातात भुसा येतो. दोर जिथे काठाला घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा किंवा गोणपाट गुंडाळा, आणि ती जागा दर दोन-तीन दिवसांनी सरकवून आतून बघा. धक्क्याच्या बाजूला सगळेच जुने टायर लावतात, तुम्हीही लावा. त्यांना गोणपाटाची खोळ घातली तर रंगाला काळे पट्टे पडत नाहीत.

उंदीर या दोरांवरूनच येतात. प्लास्टिकच्या मोठ्या झाकणाला मधोमध भोक पाडून ते दोरात ओवलं तर बरेचसे अडतात. धक्क्यावर मासळीचा कचरा पडलेला असेल तर मात्र कसलंही झाकण लावा, चार दिवसांत केबिनमध्ये खुडबुड ऐकू येईलच.

सावली

एप्रिल-मेमध्ये पारा चौतीस-पस्तीसच दाखवतो, पण दमटपणामुळे जीव नकोसा होतो. कोकणातला दिवस वाऱ्यावर चालतो. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, सकाळ चढली की तो पडतो, आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. यांच्या मधले दोन-तीन तास सर्वांत वाईट. पूर्वेकडचा कोरडा वारा उशिरापर्यंत टिकला तर खारा वारा लांबतो आणि तो दिवस भट्टीसारखा तापतो. त्या वेळी केबिनमध्ये थांबू नका, किनाऱ्यावर एखाद्या आंब्याखाली जा. अंगमेहनतीचं काम सकाळी साडेनऊच्या आत आटपायचं आणि पुढचं संध्याकाळी पाचनंतर हाती घ्यायचं.

केबिनच्या छपरावर ताडपत्री थेट अंथरण्यात काही अर्थ नाही, गरम होऊन ती उष्णता खालीच देते. छप्पर आणि ताडपत्री यांच्यामध्ये हातभर पोकळी हवी, म्हणजे मधून वारा खेळतो. बांबूचा सांगाडा करा, त्यावर शेडनेट, आणि त्याच्याही वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. झापाइतकी थंड सावली मला दुसऱ्या कशाची ठाऊक नाही. ते गावात विणून मिळतात, स्वस्त पडतात, आणि हंगाम संपला की बंबात जातात. फक्त बांधताना सोडवायला सोप्या गाठी मारा. दुपारी वारा जोर धरतो तेव्हा मोठं आच्छादन शिडासारखं फुगतं आणि सगळा ताण दोरांवर येतो.

जमल्यास बोटीची नाळ वायव्येकडे ठेवून बांधा. दुपारचा वारा साधारण त्याच बाजूनं येतो, पुढची झडप उघडली की सगळ्या केबिनमधून फिरतो. रात्री डेकवर मच्छरदाणी लावून झोपा. तिवरांच्या जवळ असाल तर सूर्य मावळताना डास आणि चिलटं झुंडीनं येतात. तासाभरानं कमी होतात, पण तो तास दार-खिडक्यांना जाळी हवीच.

गोडं पाणी, जेवण आणि इतर

उन्हात काम करणाऱ्या माणसाला पिण्यासाठीच दिवसाला चार-पाच लिटर लागतं. स्वयंपाक, तोंड-हात धुणं धरून माणशी वीस लिटरचा एक कॅन रोज हिशेबात धरा. आंघोळ किनाऱ्यावर. भांडी आधी खाडीच्या पाण्यात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा, पण खाडीचं पाणी स्वच्छ असेल तरच. मे महिन्यात इथल्या कित्येक वाड्यांत विहिरींनी तळ गाठलेला असतो, बायका एका हंड्यासाठी ताटकळतात. त्या विहिरीवर चार कॅन घेऊन जाऊन उभं राहू नये. विकतचं पाणी घ्यावं.

फ्रीजच्या मागे लागू नका, बॅटरी खातो. भात, कुळथाची पिठी, पेज, कांदा, लोणचं, सुकट एवढ्यावर मजेत निभतं. सुके बोंबील केबिनमध्ये ठेवायचे असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाही तर गादीपर्यंत वास जातो. कोकम सरबत आणि मिठाचं ताक दिवसातून दोनदा घ्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

शौचाला किनाऱ्यावरचं स्वच्छतागृह, किंवा बोटीवर डब्याचं पोर्टेबल टॉयलेट ठेवून ते किनाऱ्यावर रिकामं करणं. खाडीत सोडू नका. तुमच्यापासून शंभर पावलांवर ओहोटीला बायका शिंपले (तिसऱ्या) आणि कालवं काढत असतात, ती कुणाच्या तरी ताटात जातात.

गॅसबद्दल मात्र सविस्तर सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून जातो. बोटीला खाली दारच नसतं, तो तळात साठून राहतो आणि इंजिन सुरू करतानाची एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर केबिनमध्ये नको. छोटा सिलिंडर डेकवर, सावलीत, उभा बांधून ठेवा, चहा झाला की रेग्युलेटर बंद. रबरी नळी उन्हानं चिरते, वाकवून बघत जा. इंजिनला किल्ली लावण्याआधी तळाचं झाकण उघडून वास घ्यायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. धूर टाकणारं जनरेटर लावून त्याच्या शेजारी किंवा बंद केबिनमध्ये कधीही झोपू नका.

वीज

एक १०० वॉटचं सोलर पॅनल कोकणातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला ढोबळ तीसेक अँपियर-तास देतं. बारा व्होल्टचा पंखा रात्रभर चालून पंधरा-सोळा घेतो, दोन दिवे आणि मोबाइल मिळून आणखी पाच-सहा. म्हणजे भागतं. पॅनलवर मिठाचा थर बसतो, दर दोन दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसा.

पाण्याच्या बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर उन्हाळ्यात भराभर उतरतं, दर आठवड्याला बघा. थोडा वेळ काही न लावता मीटर धरलात तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. त्याच्या खाली वारंवार गेलात तर बॅटरी पुढच्या वर्षी बदलायची तयारी ठेवा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं तर गरम पाण्यानं धुऊन, वाळवून, वर ग्रीस.

धक्क्यावरून २३० व्होल्टची लाइन घेणार असाल तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावल्याशिवाय घेऊ नका. वायर पाण्यात लोंबता कामा नये, भरतीचा विचार करून वरून आणा. अशा वायरी जोडलेल्या बोटींच्या आसपास पोहू नये, गळती झालेली वीज पाण्यातून दिसत नाही. याच गळतीमुळे धातूही झपाट्यानं खाल्ला जातो. बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) लावलेली जस्ताची वडी अर्धी झाली की बदला. ती झिजते तेच तिचं काम, तिला रंग लावू नका.

तळातलं पाणी

रोज सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तळाचं झाकण उघडायचं. पंप ऑटोमॅटिक असला तरी. पंप आहे म्हणून लोक बघत नाहीत, आणि ज्या रात्री बॅटरी उतरते त्याच रात्री कळतं की तो दिवसातून वीसदा चालत होता. आत एका लाकडावर रेघ मारून ठेवा आणि पाणी रेघेच्या किती वर-खाली आहे ते वहीत लिहा. आकडा हळूहळू चढत असेल तर शोध सुरू करा.

पाणी आलं कुठून, याची पहिली चाचणी साधी आहे. थोडं पाणी वाटीत घेऊन अंगाचा साबण घासा. चांगला फेस आला तर पाणी गोडं, म्हणजे टाकी किंवा नळी गळतेय. फेस न येता पांढरट दही झालं तर खारं, म्हणजे बाहेरून येतंय. तळात तेल सांडलेलं असेल तर ही चाचणी फसते.

खारं पाणी येण्याच्या जागा ठरलेल्या. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथलं ग्लँड पॅकिंग, म्हणजे पाणी अडवायला दांड्याभोवती ठासलेला भराव: दांडा फिरताना थेंब-थेंब ठिबकणं ठीक, उभा असताना धार लागली तर नट थोडा आवळा. फार आवळलात तर दांडा तापतो. मग तळातले व्हॉल्व्ह आणि त्यांच्या नळ्या: प्रत्येक नळीला दोन क्लिपा हव्यात, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी त्याच मापाचं निमुळतं लाकडी बूच दोरीनं बांधलेलं. व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा उघडझाप करा, नाही तर हवा तेव्हा तो फिरत नाही. बोट सोडून गावात जाताना सगळे बंद.

लाकूड असेल तर, फायबर असेल तर

लाकडी बोटीच्या पाण्याखालच्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. पाण्यावरच्या फळ्या उन्हानं आकसतात आणि सांधे उघडतात. बोट शांत उभी असताना त्यातून काही येत नाही. शेजारून मोठा ट्रॉलर गेला, लाट आली, किंवा पाहुणे आले आणि वजनानं बोट पाण्यात खाली गेली, की त्या वाळलेल्या सांध्यांतून पाणी आत. नवशिका इथे घाबरून त्या फटींत कापूस आणि राळ ठासतो. तसं करू नका. पुढे फळी फुगली की जागा उरत नाही, मग खिळे सैल होतात किंवा फळी चिरते. उपाय एवढाच: सकाळ-संध्याकाळ बादलीनं खाडीचं पाणी बाहेरून आणि डेकवर मारायचं, उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट लोंबत ठेवायचं. चार-पाच दिवसांत फटी मिटायला लागतात. नाही मिटल्या तर गावातला बोट बांधणारा सुतार बोलवा.

पाणी खारंच का? कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यात फोफावते. मेमधल्या वळवाच्या एका सरीचं पाणी कोपऱ्यात साचून राहिलं तर ते महिनाभराच्या खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त नुकसान करतं. वळीव येऊन गेला की कोपरे पुसून घ्या, आणि केबिनचे कप्पे उघडे ठेवून वारा लागू द्या. धातूचं उलटं. इंजिनाचे भाग, बिजागऱ्या, कड्या गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसून वर तेलाचा हात.

फायबरचं काम कमी असतं, पण नसतं असं नाही. उन्हानं वरचा थर खडूसारखा पांढरा होतो, त्याला पॉलिश आणि मेण. बारीक चीर रेझिननं भरायची असेल तर पहाटे, सावलीत. गरम हवेत हार्डनर नेहमीपेक्षा थोडं कमी लागतं आणि मिश्रण डब्यातच तापून गोठतं, म्हणून वाटीभरच कालवा. हार्डनर आणि कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे.

रंग कुठलाही असो, आधी गोड्या पाण्यानं मीठ धुवा. दव वाळल्यानंतर आणि खारा वारा सुटण्याआधी जी सकाळ मिळते तेवढ्यातच ब्रश चालवा.

इंजिन आणि बुड

न वापरलेलं इंजिन वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतं. आठवड्यातून एकदा तेल बघून अर्धा तास चालवा, दोर पक्के असतील तर हलका गिअर टाकून. सुरू केल्याबरोबर मागच्या नळीतून थंडाव्याचं पाणी पडतंय ना ते आधी बघा. पडत नसेल तर लगेच बंद. गाळणीत प्लास्टिक किंवा जेलीफिश अडकलेली असते, नाही तर पंपातलं रबरी चक्र गेलेलं असतं. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. काढलेलं जुनं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

उभ्या बोटीच्या बुडाला शेवाळ आणि कालवं चालत्या बोटीपेक्षा फार लवकर धरतात. चिखल सपाट असेल तर उधाणाच्या भरतीला बोट उथळ जागी आणून ओहोटीला बसू द्या आणि पाणी परत येईपर्यंतच्या चार-पाच तासांत खरवडून घ्या. बोट कुठल्या बाजूला कलणार ते आधी ठरवा, त्या बाजूला टायर टाका, आणि कललेल्या बाजूखाली कुणालाही शिरू देऊ नका. शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात, पायात बूट हवेतच.

मे संपण्याआधी

१५ मेनंतर हवामान खात्याचा अंदाज रोज सकाळी वाचा. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यात या किनाऱ्यालगत वर सरकलं होतं, आणि निसर्ग २०२० साली ३ जूनला रायगडात धडकलं. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तर झाप आणि ताडपत्र्या उतरवा, दोर दुप्पट करा आणि स्वतः किनाऱ्यावर झोपा. बोट राखायला म्हणून वादळात तिच्यावर थांबणं हा शहाणपणा नव्हे. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एरवीही रात्री डेकवर एकटे फिरताना लाइफ जॅकेट घाला, आणि पाण्यात पडलात तर वर चढता येईल अशी शिडी कायम बाजूला सोडलेली असू द्या.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच बोटी वर ओढून शाकारायच्या असतात. ट्रॅक्टर, क्रेन, माणसं, काही मिळत नाही. तारीख एप्रिलमध्येच ठरवा, आणि ती उधाणाची बघून ठरवा. ओढण्याआधी टाक्या, कॅन, बॅटरी, गाद्या सगळं उतरवा. वर घेतल्यावर लाकडाच्या ठोकळ्यांवर मागच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवा, तळाचं बूच काढा, म्हणजे पावसाचं पाणी आत न साचता निघून जाईल. काढलेलं बूच इंजिनाच्या किल्लीला तारेनं बांधून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर बोट परत पाण्यात घालताना किल्ली हातात घेतली की बूच लावायचं राहिलंय हे आपोआप कळतं.